वहिनीचा रोवणीचा गेम

वहिनीने बनवलेला गेम मी बिघडवला होता.

आणि सॉरी म्हणायच्या आत ती गेली.

आज वर्ष झालं. वर्षभर हे कोणाला सांगितलं नाही, दादालाही नाही. आज लिहून टाकतो.

वहिनीला सिकलसेल होता. ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हाडं ठणकायची, रक्त चढवावं लागायचं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, थंड पाण्यात उभं राहायचं नाही.

म्हणजे धानाची रोवणी, भाताची लावणी, बंद.

आसगावात तिचा रोवणीचा पाच जणींचा गट होता. बाकीच्या चौघी सकाळी आमच्या दारावरून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायच्या, तेव्हा वहिनी आत जाऊन उगाच भांडी आपटत बसायची.

अशाच एका रविवारी मी नागपूरहून घरी आलो होतो. पुतणी गुड्डी मोबाइलवर गाड्यांचा गेम खेळत होती आणि वहिनी तिच्या मागे उभी राहून बघत होती.

"भाऊजी, गाडीचा गेम आहे, बंदुकीचा आहे. रोवणीचा काहून नाही?"

"तुम्हीच बनवा."

"शिकवा मंग."

मी मस्करी केली होती. तिने नव्हती केली.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पळवाटही नव्हती. जुना लॅपटॉप घरी ठेवला आणि दर रविवारी शिकवणी सुरू झाली. बारावीनंतर वहिनीने पेन हातात धरला होता तो फक्त गुड्डीच्या होमवर्कसाठी.

व्हेरिएबल शिकवताना म्हटलं, डब्याला नाव द्यायचं, आतली वस्तू बदलू शकते.

"आपल्या घरी डब्यावर साखर लिहिलं आहे आन् आत पोहे असतेत. चालते का?"

"चालते. पण पुढच्याले समजलं पाहिजे ना, वहिनी."

लूप शिकवायला मात्र दोन मिनिटं लागली. जोपर्यंत पेंढीतली रोपं संपत नाहीत तोपर्यंत लावत राहा, असं म्हटलं. "हे तं मले लहानपणापासून येते," म्हणाली.

ओळीच्या शेवटचा कोलन विसरायची. रोज. लाल अक्षरात एरर आली की म्हणायची, "घ्या, रागावला हा."

महिनाभराने एक दिवस ऑफिसात फोन आला. "भाऊजी, चालली! माही बाई चालली!"

गेम म्हणजे काय, तर पाणी भरलेली बांधी म्हणून एक निळा चौकोन. त्यात बाई म्हणून एक लाल चौकोन, त्यावर तोंडाचा काळा ठिपका. बटण दाबलं की एक हिरवं रोप लागायचं आणि बाई जरा सरकायची. एवढंच. पण ते पूर्ण तिचं होतं.

"एकदा पाहून घ्या. उद्या गटातल्या बायांले दाखवायचा आहे."

मी चहाच्या सुट्टीत तिने पाठवलेली फाइल उघडली. बाईचं तोंड उजवीकडे आणि बाई सरकते डावीकडे. म्हटलं, बिचारी अधिक-वजामध्ये गोंधळली.

वजाचं अधिक केलं. हात शिवशिवत होतेच, म्हणून तिच्या डब्यांची नावंही इंग्रजीत 'नीट' करून टाकली. पेंढी, बांधी, चिखल, सगळं पुसलं. 'बग काढला', म्हणजे चूक काढली, असं लिहून फाइल परत पाठवली. वर एक अंगठा.

दुसऱ्या दिवशी बाया कामावरून परतताना आमच्या अंगणात थांबल्या. पायाला चिखल तसाच. वहिनीने बटण दाबलं.

बाई समोर चालत सुटली. आत्ताच लावलेल्या रोपांवरून.

"अवो माय, हे तं रोवलेलं तुडवून राहिली!"

हसून हसून लोळल्या सगळ्या. गुड्डी सांगते, आई पण हसली. मग लॅपटॉप बंद करून आत गेली.

रात्रीच्या जेवणाआधी फोन आला.

"भाऊजी, रोवणीत माणूस मांगं मांगं सरकते. समोर गेला तं आपलंच रोप पायाखाली येते. तुमाले माहीत नाही का?"

माहीत होतं हो. धानाच्या घरात जन्मलो. आईला तसंच वाकून मागे सरकताना बघत मोठा झालो.

तेव्हाच चुकलो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "वहिनी, गेममध्ये इतकं कोण पाहते?"

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. मीही रविवारी घरी गेलो नाही, कामाचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा ताठा जास्त होता.

तीन आठवड्यांनी तिचं दुखणं उफाळलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून नागपूरला आणलं. मी रोज डबा घेऊन जायचो आणि रोज वाटायचं, आज म्हणू. मग वाटायचं, इथे नळ्या लावलेल्या असताना नको, घरी गेल्यावर निवांत म्हणू.

पाचव्या दिवशी ती गेली. बत्तीस वर्षांची होती.

तेरवी झाल्यावर लॅपटॉप उघडला. त्यात नवीन फाइल होती.

त्या तीन आठवड्यांत तिने एकटीने सगळं पहिल्या ओळीपासून परत लिहिलं होतं. माझं एक अक्षर घेतलं नव्हतं. पेंढी परत पेंढी, बांधी परत बांधी. सगळे कोलन जागेवर.

कोडमध्ये अशीही ओळ लिहिता येते जी कॉम्प्युटर सोडून देतो, ती फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असते. बाई जिथे सरकते त्याच्या वर वहिनीने तशी एक ओळ लिहिली होती.

"भाऊजी, ह्याले हात लावू नका. चुकलं नाही ते."

गुड्डीसमोर ढसाढसा रडलो मी.

गेम चालतो. बाई रोवत रोवत मागे सरकते, रोपं समोर उभी राहतात. बांधी संपली की तिला थांबवायचं कसं, तेवढं शिकायचं राहिलं होतं. ते मी शिकवणार होतो, ज्या रविवारी गेलो नाही त्या रविवारी.

त्यामुळे बाई थांबत नाही. काठाशी येते आणि स्क्रीनच्या बाहेर निघून जाते. रोपं तेवढी मागे राहतात.

गुड्डी दर वेळी म्हणते, "काका, तिले थांबव ना."

दोन ओळींचं काम आहे.

वर्ष झालं, माझ्याच्याने होत नाही.

वहिनी, चुकलो मी. माफ करा.

तुमच्या भाऊजीची श्रद्धांजली.