कुलूपवाल्या डिस्का

जुन्नरच्या एसटी स्टँडाकडनं पेठेत शिरलं की डाव्या हाताला दस्तगीरचं दुकान लागतं. पाटी अजून व्हिडिओ शूटिंगचीच आहे, पण शूटिंगला त्याला आता कुणी बोलवत नाही. आता लग्नात ड्रोन उडतात, आणि नवरानवरीला उसाच्या बांधावरनं पळायला लावणारी पोरं नारायणगावाहून येतात. दस्तगीर पासपोर्टचे फोटो काढतो, आधार कार्डं प्लास्टिकात घालून देतो आणि चहाच्या कपांवर खंडोबा छापून देतो. मुसलमान माणूस खंडोबाचे कप छापतो याचं कुणाला नवल वाटत असेल, तर त्यानं जुन्नर बघितलेलं नाही. ज्यानं उभं आयुष्य तालुक्यातल्या हळदी बघण्यात घातलं, त्याला खंडोबा काय परका?

एक काळ असा होता राव, की लोक आधी दस्तगीरची तारीख धरायचे आणि मग मांडववाल्याकडं जायचे. डिंगोऱ्यापासून पार खाली शिनोलीपर्यंत त्याचा कॅमेरा फिरायचा. बायामाणसं त्याच्यासमोर संकोचायची नाहीत. नवरीचा हुंदका फुटायच्या आत त्याचा दिवा तिच्या तोंडावर पडलेला असायचा. त्याला त्याचा गर्वही होता, आणि का नसावा?

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात जायची. वरमाईच्या हातात डिस्क दिली, की चार दिवसांत तिच्या कॉप्या गावभर. मामामावश्या वेगळी डिस्क घ्यायला त्याच्याकडं फिरकायच्याच नाहीत. ओतूरच्या एका पठ्ठ्यानं तर दस्तगीरनं काढलेल्या लग्नाला सुरुवातीला स्वतःचंच नाव लावलं आणि वर दस्तगीरलाच ती डिस्क दाखवली. त्या दिवशी दस्तगीर जेवला नाही. मग पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा टाय लावलेला माणूस दुकानात आला आणि म्हणाला, डिस्कला कुलूप लावून देतो. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालायची, ती इंटरनेटवरनं आमच्या सर्वरला विचारणार, सर्वर किल्ली पाठवणार, मग लग्न दिसणार. कॉपी मारली तरी नुसता काळा पडदा. दस्तगीरला हे इतकं पसंत पडलं, की त्यानं त्या माणसाला घरी नेऊन बिर्याणी खाऊ घातली.

तिथनं पुढं काही वर्षं त्याची एकूण एक डिस्क कुलूपवाली. डिस्क द्यायला तो स्वतः घरोघरी जायचा, घरात नसला तर शेजारच्याच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांसमोर एकदा लावून दाखवायचा आणि शिकवायचा, "आधी नेट जोडायचं, मग डिस्क घालायची. उलटं केलं का रुसती ती." हे त्यानं इतक्या घरांत सांगितलं, की पोरं त्याची नक्कल करायची.

माल चोरापासून राखला, यात त्याची काय चूक? फक्त किल्ली दुसऱ्याच्या घरात ठेवली. कंपनी कधी बुडाली ते त्याला कुणी कळवलं नाही. टायवाल्याचा फोन लागेना. कंपनीच्या पत्त्यावर आता गुडघेदुखीचं तेल विकतात. लोक डिस्का घेऊन यायला लागले, तेव्हा सुरुवातीला हा म्हणायचा, सर्वर बिझी आहे, पुढच्या आठवड्यात बघू. मग म्हणायचा, बंद पडलाय. मूळ कॅसेटी म्हणाल, तर त्या कुणीच ठेवत नसे. एक हंगाम संपला की त्याच कॅसेटीवर पुढची लग्नं चढायची. त्याची बायको जैबुन्निसा एकदा भाकरी थापता थापता त्याला म्हणाली, "लोगों की शादियों को ताला लगाया तुमने." चेष्टेनंच म्हणाली, पण दस्तगीर उठून बाहेर गेला.

दिवाळीच्या सुट्टीत डिंगोऱ्याच्या साळुबाई आल्या. बरोबर नात, श्रेया, नववीतली. साळुबाईंनी पिशवीतनं खणात गुंडाळलेली डिस्क काढली. वर बदामात नवरानवरीचा फोटो, दस्तगीरनंच छापलेला. नवरी म्हणजे साळुबाईंची लेक इंद्रायणी. श्रेया सहा महिन्यांची असताना ती काविळीनं गेली. पोर आजीकडं वाढली, डिस्कही तिच्याबरोबरच आली. जावयानं दुसरं लग्न केलं, त्याबद्दल साळुबाईंची तक्रार नव्हती. तरणा माणूस किती दिवस एकटा राहणार.

"भाऊ, हिची आई हाये ह्यात," साळुबाई म्हणाल्या. "घास भरवताना नाव घेतलंय तिनं. तेवढं हिला ऐकवा."

गोष्ट अशी झाली होती, की शेजारच्या लग्नात श्रेयानं मंगलाष्टक म्हटलं आणि एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, थेट इंद्रायणी गं. तेव्हापासून पोरीच्या डोक्यातनं ते जाईना. फोटो तिच्याकडं होते. पण आईचा आवाज कुठंच नव्हता. त्या काळी घरात बटणाचा फोन, त्यात कोण कशाला रेकॉर्ड करतंय.

"बघायचं नाही मला फार काही, काका," श्रेया म्हणाली. "माझ्यासारखा आहे का, एवढंच बघायचंय."

दस्तगीरनं किती जणांना नाही म्हटलं असेल. ज्यांना नाही म्हटलं त्यांची माणसं जिवंत होती, त्यांना नुसती गंमत बघायची होती. इथं त्याच्या तोंडून नाही निघेना. त्यानं दोघींना चहा पाजला आणि डिस्क ठेवून घेतली.

पेठेतल्याच घरचा मोहित अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याच्याकडं डिस्क गेली. त्यानं आठवडाभर तिचा पिच्छा पुरवला आणि हात टेकले. "चाचा, डिस्क ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण आतलं सगळं कालवून टाकलंय, आणि ते निवडायची किल्ली गेली सर्वरबरोबर. मी काय, कुणीच उघडू शकत नाही." मग म्हणाला, "एकच आहे. पहिल्यांदा ज्या कॉम्प्युटरवर उघडली, त्याच्यात किल्ली राहिलेली असते. तो असेल तर जसाच्या तसा माझ्याकडं आणा. चालू करू नका."

पहिल्यांदा कुठं उघडली ते दस्तगीरला चांगलं आठवत होतं. शिनोलीला, नवऱ्याच्या घरी. जावई गोरख तेव्हा घोडेगावात कॉम्प्युटर क्लासला शिकवायचा आणि घरात स्वतःचा कॉम्प्युटर असलेला आळीतला तो एकटाच. दस्तगीरनं भीतभीत फोन लावला. गोरख म्हणाला, "आहे की. माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. टाकवला नाही." फोन ठेवल्यावर दस्तगीर कपाळावर हात ठेवून जरा बसूनच राहिला. किती वर्षांत त्याला कामाचा असा आनंद झाला नव्हता.

शनिवारी त्याच्या जुन्या ओम्नीतनं तिघं निघाले. साळुबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटेत त्या इंद्रायणीबद्दल बोलत होत्या, तिला डाळीची आमटी आवडायची, ती बैलाला घाबरायची. श्रेया ऐकत होती. घोडेगाव मागं पडलं तशा साळुबाई गप्प झाल्या. लेकीचे दिवस घातल्यानंतर त्या या वाटेला आल्याच नव्हत्या.

गोरखनं दारात येऊन साळुबाईंच्या पाया पडून घेतलं. त्याची बायको आतनं पाणी घेऊन आली, श्रेयाच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि चहाचं निमित्त करून आत गेली. आणि बघतात तर काय, कॉम्प्युटर टेबलावर मांडलेला, पुसूनबिसून, चालू. गोरखनं आदल्या दिवशीच उतरवून लावून बघितला होता. "तारीख तेवढी चुकीची दाखवतो," तो हौसेनं म्हणाला. "बाकी एकदम टकाटक."

मोहितनं चालू करू नका म्हणून बजावलं होतं, पण आनंदाच्या भरात ते गोरखला फोनवर सांगायचं राहूनच गेलं होतं. दस्तगीरनं मोहितला फोन लावला, पोरगा उचलेना. परत लावला. साळुबाई कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या, पदर नीट करून, देवळात बसावं तशा.

"मोहितकडं न्यावा लागंल, आक्का," दस्तगीर म्हणाला.

"चालू हाये ना भाऊ? मग कशाला न्यायचा? वाटंत काय मोडलं म्हंजी?"

गोरखही म्हणाला, "बरोबर आहे मामींचं. जुनं मशीन आहे, गाडीत हादरलं तर परत उठायचं नाही. इथंच लावा."

आता तुम्ही आम्ही असतो तरी काय केलं असतं सांगा. चालूच आहे तर चालू करू नका या सांगण्याला काय अर्थ उरला? श्रेया त्याच्याकडं बघत होती. दस्तगीर खाली बसला. खुर्चीत बसल्याबरोबर त्याला बरं वाटलं. हे तर त्याचंच काम होतं, शेकड्यांनी केलेलं. गोरखच्या घरी आता इंटरनेटची डबी होती. दस्तगीरनं तिची वायर ओढून घेतली, कॉम्प्युटरच्या पाठीमागं चाचपून भोक शोधलं आणि खटकन बसवली. आधी नेट, मग डिस्क. हात आपोआप चालत होते.

डिस्क आत गेली, घरघरली. निळी खिडकी उघडली, दोन्ही कडांना झेंडूच्या माळा. त्यानंच निवडल्या होत्या त्या. सनईचा छोटा तुकडा वाजला. साळुबाईंनी श्रेयाचा हात धरला. ‘परवानगी तपासत आहे’ असं आलं, खाली हिरवी पट्टी सरकायला लागली, अर्ध्याच्या पुढं गेली, थांबली. मग माळा गेल्या आणि पांढऱ्यावर काळं आलं, ‘ही परवानगी रद्द झाली आहे.’

दस्तगीरनं डिस्क काढली, फडक्यानं पुसली, परत घातली. तेच. वायर काढून बघितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. त्याच वेळी मोहितचा फोन आला, परीक्षेला बसला होता म्हणे. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून गोरखनं स्पीकर लावला. दस्तगीरनं काय काय केलं ते सांगितलं.

मोहितनं विचारलं, "चाचा, नेट दिलं होतं का?"

"दिलं की. आधी नेटच दिलं."

"नेट नसतं दिलं तर आतल्या किल्लीवर उघडली असती. नेट मिळालं म्हणून ती सर्वरला विचारायला गेली. नेटवरच्या त्या पत्त्यावर आता भलताच कोणीतरी आहे, तिकडनं उत्तर भलतं आलं, आणि तिनं आहे ती किल्ली पुसून टाकली."

"परत आणता येईल?"

"मशीन आणा, बघतो," मोहित म्हणाला. "पण मी खोटं नाही सांगत चाचा. नाही होणार."

गोरख उठून परसात गेला आणि बराच वेळ आला नाही. आतनं चहाचे कप आले, तसेच राहिले. साळुबाईंना बोलण्यातलं निम्मं कळलं नव्हतं. त्या दस्तगीरच्या तोंडाकडं बघत होत्या.

दस्तगीरनं मान वर केली नाही. "आक्का, उघडणार व्हती," तो म्हणाला. "मी हात लावला म्हणून गेली. मीच घालवली."

"तुमाला काय ठावं व्हतं," साळुबाई म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डिस्क मागून घेतली, खणात गुंडाळली आणि निघू या म्हणाल्या. कॉम्प्युटर दस्तगीरनं गाडीत घातला, मोहितला दाखवायला. त्यातनं काही निघणार नाही हे त्यालाही माहीत होतं.

परतताना तो गाडी हाकत डोकं खाजवून आठवत होता. इंद्रायणीनं नाव घेतलं तेव्हा तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. नवरा सोडला तर दुसरं कुणी इतकं जवळ नव्हतं. तिच्या नथीवर दिवा चमकत होता आणि तो कमी कसा करायचा या विवंचनेत तो होता, एवढं त्याला स्वच्छ आठवलं. आवाजाचं काही म्हणता काही आठवेना. शेकडो नवऱ्या त्याच्या कानावरनं गेल्या होत्या. ऐकायचं काम त्यानं कॅमेऱ्यावर सोडलं होतं. त्याला स्वतःची इतकी चीड आली, की वळणावर त्यानं उगाच हॉर्न दाबला.

मागच्या सीटवर श्रेया हळू बोलली. "आज्जी, माझ्यासारखी बोलायची का ती?"

"व्हय," साळुबाई म्हणाल्या. "तुझ्यावानीच."

"तुला हाक कशी मारायची? तिच्यासारखी मारून दाखव ना."

साळुबाई सावरून बसल्या. घसा खाकरला. "आये," असं म्हणाल्या, आणि थांबल्या. परत म्हणाल्या, जरा बारीक आवाजात. मग आणखी एकदा. दस्तगीरनं गाडी बाजूला घेऊन उभी केली, त्याला पुढचं नीट दिसेना.

"खरं सांग, आज्जी."

"न्हाई गं येत," साळुबाई म्हणाल्या. "कवाच गेला माज्या कानातनं. समदं आठवतं, तेवढं आठवत न्हाई. म्हनून तर आले व्हते मी."

जरा वेळानं दस्तगीरनं गाडी चालू केली. डिंगोऱ्यापर्यंत साळुबाईंनी श्रेयाला तहान लागली का विचारलं, थंडी वाजते का विचारलं. पोरीनं प्रत्येक वेळी नुसती मान हलवली. घरी उतरेपर्यंत ती तोंडातनं एक शब्द बोलली नाही.