तारीख नसलेली आवृत्ती

पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या आणि क्षारांचे आकडे यंत्रावरून उतरवून घेणाऱ्या या बाईंना त्यांच्या दुसऱ्या, बिनपगारी उद्योगात सगळे ‘तारीखवाल्या बाई’ म्हणत. हा उद्योग म्हणजे लहान ग्रंथालयांसाठीचे एक सॉफ्टवेअर. पुस्तक कोणी नेले, ते कधी परत येणार आणि एरवी कोणत्या कपाटात असते, एवढेच ते सांगे. त्याला मालक नव्हता. कुणीही फुकट घ्यावे, उघडून पाहावे, जमल्यास सुधारावे, अशा ओपन सोर्स प्रकारातले ते होते. सुधारणारी मंडळी वेगवेगळ्या गावांत, आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करीत, आणि बहुतेकांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती निघे. ती कधी निघावी, हे बाई ठरवीत.

बाहेरच्याला हे कॅलेंडरवर खुणा करण्याचे काम वाटेल. प्रत्यक्षात ते माणसांच्या सवयी ओळखण्याचे होते. नव्या सोयी घेणे कोणत्या दिवशी बंद करायचे, म्हणजे नेहमी उशीर करणाराही धावत का होईना येऊन पोचेल. भाषांतर करणाऱ्यांना किती सवड ठेवायची. चाचणीची आवृत्ती कोणत्या वारी सोडायची, म्हणजे ग्रंथपालांना ती शांतपणे वापरून पाहता येईल. हे सारे त्या जेवणाच्या टेबलावर, ताटे उचलून झाल्यावर, कागदावर मांडत. शेवटच्या दिवसाचे कामही पहिल्यापासून त्यांच्याकडेच होते. सगळे एकत्र बांधायचे, तपासायचे, वितरणाच्या जागी चढवायचे आणि काय बदलले ते समजेल अशा भाषेत लिहायचे. ते त्यांच्याकडेच का, हे कुणी विचारले नव्हते. त्यांनीही नाही.

त्या वर्षी वेळापत्रक मांडायला बसण्याआधीच दादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, फोन आला. आई त्याच्याकडे असे. ती अंथरुणाला खिळलेली होती आणि वहिनी गेल्यापासून तिचे सगळे तोच करी.

“गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय,” दादा म्हणाला. “नंतर मला काही दिवस वाकता येणार नाही, उचलता येणार नाही. आईला कूस कोण बदलून देणार? तू ये.”

“येते की.”

“तशी नको येऊस हं, मागच्यासारखी.”

बाईंना ती खेप चांगलीच आठवत होती. मागच्या वेळी त्या आईच्या खोलीत मांडीवर संगणक घेऊन बसल्या होत्या. आईने तीनदा हाक मारली, तेव्हा त्यांनी ‘हो हो’ म्हटले होते, आणि आईने संध्याकाळी दादाला विचारले होते, “ती यायची होती ना रे? आली नाही का?”

“नाही येणार तशी,” त्या म्हणाल्या.

अडचण एवढीच होती की आवृत्ती नेमक्या त्याच दिवसांत निघणे भाग होते. त्यानंतरच्या महिन्यात ग्रंथालयांची पुस्तकमोजणी सुरू व्हायची होती, आणि चालू आवृत्ती एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तर एकच मोजत होती. बाईंनी तारीख आहे तिथेच ठेवली आणि वेळापत्रकाच्या माथ्यावर स्वच्छ लिहिले : शेवटच्या दिवसाचे काम या वेळी दुसऱ्या कुणी करावे, मी त्या आठवड्यात उपलब्ध नाही.

मंडळींची एक रीत होती. कोणताही प्रस्ताव सामायिक मेलवर ठेवायचा, आणि आठवडाभरात कुणी हरकत घेतली नाही तर तो मान्य झाला असे धरायचे. वेळ कुणाकडेच नसल्यामुळे ती सर्वांना सोयीची होती. आठवडा गेला. कुणी ब्र काढला नाही. बाईंनी नवऱ्याला सांगितले, “सुटले बाई एकदाची,” आणि प्रयोगशाळेत रजेचा अर्ज दिला.

निघायचा दिवस जवळ आला तसा त्यांनी ‘वकिलां’ना फोन लावला. हे गृहस्थ बँकेच्या संगणक विभागात होते; स्वल्पविरामालाही दोन बाजू असतात असे मानत, म्हणून त्यांना हे नाव पडले होते. पुस्तकमोजणीतली चूक त्यांनीच दुरुस्त केली होती.

“वकीलसाहेब, शेवटच्या दिवसाचं कोण बघतंय? त्याला सगळं समजावून जाते.”

“कसलं शेवटच्या दिवसाचं?”

“मी नाहीये त्या आठवड्यात. माथ्यावरच लिहिलं होतं.”

“माथा कोण वाचतं बाई? आम्ही सरळ तारखांवर जातो. पण थांबा, मास्तर करणार असतील. ते गप्प होते ना?”

मास्तर एका शाळेचे ग्रंथालय सांभाळत आणि प्रत्येक आवृत्ती चार माणसांच्या चिकाटीने तपासत. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, “मी वाचलं हो. पण वकील काही बोलले नाहीत, तेव्हा मी समजलो त्यांनी अंगावर घेतलंय. ते न बोलता राहतात, म्हणजे काहीतरी ठरलेलंच असणार!”

प्रत्येकाने इतरांच्या मौनात होकार ऐकला होता. रीतीप्रमाणे बाई मोकळ्या झाल्या होत्या आणि काम जिथल्या तिथे होते.

वकिलांचा पुन्हा फोन आला. “मला वाटतं तुम्ही तिकडूनच करावं. संगणक तर नेणारच ना? तुमच्या हाताला सवय आहे, दोन तासांचं काम.”

“दोन तासांचं आहे, तर तुम्ही करा.”

“मी? माझा हात तिथं कधी लागलाय? चुकलं तर ग्रंथालयं मला फाडून खातील.”

“मला खातातच की.”

“तुमचं वेगळं आहे हो.”

ते वेगळे कसे, हे न विचारता बाईंनी फोन ठेवला. त्या रविवारी त्यांनी टेबलावर पुन्हा कागद घेतला. तारीख अलीकडे आणली तर भाषांतरवाल्यांचा जीव जाणार होता. पुढे ढकलली तर मोजणी चुकणार होती. आणि कुठेही हलवली तरी शेवटच्या ओळीत पुन्हा त्याच उभ्या राहणार होत्या. नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला, “मग संगणक घेऊन जा. नाही तर नको नेऊस. मधलं काही नाहीये यात.”

त्यांनी तारीख खोडली. त्या जागी लिहून सामायिक मेलवर पाठवले : भाषांतरे आली की आवृत्ती तयार होईल; जो आपले नाव इथे लिहील, तो सांगेल तो दिवस. शेवटच्या दिवसाचे काम कसे करायचे, तेही पायरीपायरीने सोबत लिहून दिले. मग संगणक कपाटात ठेवून त्या दादाकडे गेल्या.

आईला कूस बदलून देणे हे जोराचे काम नसून धीराचे आहे, हे त्यांच्या हातांना पहिल्या दिवशीच कळले. घाई केली की आई कण्हे. खांद्याखाली हात घालून, तिचा श्वास सुटेपर्यंत थांबून, मग वळवावे लागे.

“कोण, तू का?” आईने विचारले.

“मीच गं.”

“हात गार आहेत तुझे,” आई म्हणाली. पण हात सोडला नाही.

वकिलांचा फोन आला तेव्हा त्या चादर बदलत होत्या. “बाई, लोक तारीख विचारतायत. मोजणी तोंडावर आलीये. काय सांगू?”

“तारीख नाहीये. नाव हवंय.”

“ही तर अडवणूक झाली!”

“हरकत आठवड्याच्या आत घ्यायची होती.”

पलीकडून तारखा मोजल्याची पुटपुट ऐकू आली. मग वकील म्हणाले, “बरं. लिहितो माझं नाव. पण चुकलं तर?”

“चुकेल. माझंही चुकायचं. दुरुस्त करून परत चढवायचं. ठेवते, आई बोलावतेय.”

आवृत्ती दोन दिवसांनी निघाली आणि तिच्यात जुनीच भाषांतरे गेली. तक्रारींचे निरोप बाईंच्याही फोनवर आले. काय चुकले हे त्यांना पहिल्या निरोपातच उमगले, आणि ते सांगायला एक ओळ पुरली असती. त्यांनी ती लिहायला घेतलीही. मग आईने पाणी मागितले. चमच्याचमच्याने पाणी पाजून त्या परत आल्या, तेव्हा दुरुस्त आवृत्ती चढलेली होती, खाली वकिलांची लांबलचक क्षमायाचना होती आणि मास्तरांनी ‘तपासले, ठीक’ एवढेच लिहिले होते. बाईंना कुणी काही विचारले नव्हते. हे बरेच झाले, असे त्यांनी स्वतःला दोनदा समजावले. तरी आत कुठेतरी टोचलेच.

दादा इस्पितळातून घरी आला होता. आधाराची चौकट पुढे सरकवत तो दारात उभा राहिला.

“जमलं का तुझ्या लोकांना?”

“जमलं.”

“मग तोंड का पाडलंयस?”

“थकले रे, दुसरं काही नाही.”

“पड जरा. हाक मारली तर मी उठवीन. बसून लक्ष ठेवायला गुडघा लागत नाही.”

त्या आईच्या पलंगालगत सतरंजीवर आडव्या झाल्या. आईचा श्वास, दादाच्या खुर्चीची करकर, खालच्या रस्त्यावरून कुणीतरी ओढत नेलेली हातगाडी, असे एकेक ऐकू येत राहिले. झोप लगेच आली नाही. पुष्कळ वेळाने आली.