सिनेटर दारावर जातो

शालनताई पाच महिने अमेरिकेतल्या एका राज्याच्या सिनेटर होत्या. मी शेजारच्या खुर्चीत होतो, तरी अजून विश्वास बसत नाही.

ताई कोपरखैरण्याच्या. नवरा कोंडिबा मार्केटात हमाल, कंबर गेल्यापासून घरी. घर ताईंच्या पगारावर. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात काम सोपं होतं. सिनेटर, म्हणजे तिकडचा खासदार, पुन्हा निवडणुकीला उभा होता. मतदारांच्या ईमेलना आम्ही त्याच्या नावाने उत्तरं द्यायचो. मी साहित्याचा एम.ए., तयार मजकूर चिकटवायचो. ताई स्वतः लिहायच्या.

एका बाईने लिहिलं, नवरा वारला, तो नेहमी तुम्हालाच मत द्यायचा, मी देईनच असं नाही.

"टेम्प्लेट सात," मी म्हणालो.

"अरे एम.ए., मेल्याघरी कोण टेम्प्लेट घेऊन जातं?"

त्यांनी लिहिलं, 'रविवारी दारावर येतो. चूल पेटवू नका, जेवण मी आणतो.'

बाईने ते पत्र तिथल्या पेपरला दिलं. पेपरने छापलं. आमचे टीम लीडर नंदकुमार सर धावत आले.

"शालनबाई, सिनेटरला डबा घेऊन पाठवलंत?"

"मग? आमच्या वॉर्डात नगरसेवक येतो की. पडलेला तर आधी येतो."

"हा गेला नाही ना, तर तुमचं ऑफिसचं कार्ड जमा, नोकरी खलास!"

दुपारी ताईंनी डबा उघडला नाही.

सिनेटर गेला. जाणार नाही तर काय, दारात कॅमेरे होते. सोमवारी सरांनी फोटो दाखवला. म्हातारी रडतेय, याच्या हातात भलामोठा केक.

"दुखवट्यात गोड!" ताई कडाडल्या. "वळणच नाही मेल्याला."

पण कार्ड वाचलं. पुढे सिनेटर थोडक्यात निवडून आला. सरांनी पेढे वाटले आणि त्याच हाताने सगळ्यांची कार्डं मागितली. निवडणूक संपली, काम संपलं. हरला असता तरी हेच.

"म्हणजे जिंकवलं पण आपण आणि घरी पण आपण," ताई म्हणाल्या. मग शेवटचा ईमेल उघडला. त्याच बाईचा. केक छान होता, पुन्हा या.

ताईंनी उत्तर लिहिलं, 'वर्षश्राद्धाला येतो. सहकुटुंब.'

पाठवलं. कार्ड गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

"आता त्याचं तो बघेल," म्हणाल्या, आणि उरलेले पेढे कोंडिबासाठी रुमालात बांधले.