साडूंचा नवा डबा

माझी पत्नी मंगळवारी सकाळी गेली. दूध गॅसवर होतं. आमची कॅराव्हॅन अंगणात जीपला जोडून उभी होती. नऊ वाजता आम्ही माळशेजच्या रस्त्याला लागणार होतो. दुपारी कोणीतरी जीप बाजूला नेली, कारण तिरडीला वाट हवी होती.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. कॅराव्हॅन हे नाव कागदोपत्री. प्रत्यक्षात ती जीपमागे ओढायची दोन चाकांची खोली आहे: दोन बाकं, एक ओटा, एक खिडकी. गावात तिला मास्तरांचा डबा म्हणतात. मास्तर मी, मुरबाडजवळच्या शाळेत मराठी शिकवलं आणि तिथलं ग्रंथालय सांभाळलं. पण डबा खरा माझ्या पत्नीचा होता. जीप ती चालवायची, मी शेजारी बसून वाचायचो. वळणावर पुस्तकं पडू नयेत म्हणून तिने बाकावर फळी ठोकून पुढे सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली होती.

तिचं माहेर धसईचं. वडिलांचा, म्हणजे दादांचा, ट्रॅक्टर होता, आणि भाताचे भारे लादलेली ट्रॉली उलटी खळ्यात कशी घालायची हे त्यांनी तिला शाळकरी वयातच शिकवलं होतं. मागे जोडलेलं वाहन उलटं घेताना स्टेअरिंग हवं त्याच्या विरुद्ध फिरवावं लागतं. मला ते कधी जमलं नाही. मी डबा पुढे नेऊ शकत होतो, मागे घेऊ शकत नव्हतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी एकटाच डबा घेऊन वैशाखरे गावाकडे गेलो. कच्ची वाट एका शेतापाशी संपली. चार वेळा मागे घ्यायचा प्रयत्न केला, चारही वेळा डबा बांधावर चढू लागला. कापणीवरची माणसं विळे ठेवून आली. त्यांनी डबा हुकातून सोडवला, हातांनी फिरवला आणि पुन्हा जोडून दिला. त्यांच्यातली एक म्हातारी आम्हाला ओळखत होती. ती म्हणाली, "बाई असती त आतापावत चहा झाला असता." त्या दिवसानंतर डबा अंगणातून हलला नाही.

आणि या मार्गशीर्षात साडूंनी नवा डबा घेतला.

साडू म्हणजे पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. भातसा धरणावरची नोकरी संपवून ते शहापूरला राहतात. आम्हा दोघांत बोलून न दाखवलेली एक चढाओढ आयुष्यभर चालली. फ्रीज त्यांच्याकडे आधी आला, घरावर स्लॅब त्यांनी आधी टाकला. फक्त डबा आमच्याकडे आधी आला होता, आणि त्याला ते हसायचे. घर असताना डब्यात कशाला झोपायचं, म्हणायचे. आता त्यांचा फोन आला, "मास्तर, बघायला या. तुमचा जुना कंपनी बदल्यात घेते. कागद घेऊनच या."

मी कागद पिशवीत घातले. आदल्या दिवशी वहीत दोन रकाने आखून विचार केला होता. नव्यात संडास आहे, छतावर सौर पॅनेल आहे, पाण्याची टाकी दुप्पट आहे. जुन्याच्या रकान्यात मी 'फळी' लिहिलं, आणि पुढे काही सुचलं नाही.

नवा डबा पांढरा होता आणि त्याला नव्या कपाटासारखा वास येत होता. आमच्याकडे जिथे पुस्तकांची फळी आहे, तिथे टीव्ही होता. ओट्यावर दोन कप पालथे घातले होते. बाहेर दोन घडीच्या खुर्च्या, त्यांतल्या एकीच्या पाठीवर मेहुणीचा टॉवेल वाळत होता. मी टाकी बघतोय असं दाखवत त्या टॉवेलाकडे बघत राहिलो.

साडूंनी खिशातून रिमोट काढला. जीप डब्यापासून सोडवलेली, दूर उभी होती. त्यांनी बटण दाबलं आणि डबा आपला आपण मागे सरकत, संध्याकाळी गोठ्यात शिरणाऱ्या म्हशीसारखा, सरळ शेडमध्ये गेला.

"आता बोला," साडू म्हणाले. "अंगठा तर हालवता येतो ना, मास्तर?"

मी हसलो. मला तो रिमोट हवा होता. पुस्तकं सोडून एखादी वस्तू इतकी हवीशी वाटल्याचं मला आठवत नाही. खरं तर मला त्या माणसाचं सगळंच हवं होतं, टॉवेलासकट. मी पिशवीतून कागद काढून खुर्चीवर ठेवले.

मेहुणी चहा घेऊन आली. मी विचारलं, "तुला आवडला का डबा?"

"हिला काय विचारता," साडू म्हणाले. "हिला रिमोट नको व्हता. फालतू खर्च, म्हणं."

"नकोच व्हता. रिवर्स मी घेतला असता."

"तू?"

"मंग? खळ्यात ट्रॉली एकटी ताईच घालायची काय? दादांनी दोघींनाबी शिकवलं. माझी तिच्याहून सरळ जायची."

"कायतरीच. इतक्या वर्षांत बोलली नाय कधी."

"तुमी स्टेअरिंग सोडलात कधी?"

साडू मोठ्याने हसले आणि बशीत चहा ओतू लागले. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो हेव्याहून वेगळा काढता येईना. जे माझ्या घरातून गेलं होतं ते या माणसाच्या घरात इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून होतं, आणि त्याने त्यासाठी बटण विकत आणलं होतं.

मी कागद उचलून पिशवीत घातले.

"काय झालं?" साडूंनी विचारलं.

मी मेहुणीला म्हणालो, "मला शिकवशील?"

"अहो, रिमोट मिळत असताना—"

"तुमी चहा प्या," ती त्यांना म्हणाली. मग मला म्हणाली, "रविवारी येते, दाजी. पन ओरडेन हां. दादा ओरडायचे तशी."

रविवारी ती एसटीने मुरबाडला उतरली. अंगणात मी जीपमध्ये बसलो आणि ती खिडकीशी उभी राहिली. पहिल्याच प्रयत्नात डबा तुळशीकडे वळला.

"वर कशाला धरलंय?" ती म्हणाली. "स्टेअरिंग खालून धरा. हात जिकडं न्याल तिकडं डबा जाईल. येवढंच हाय."

मी खालून धरलं. माझी पत्नीही डबा मागे घेताना हात खालीच ठेवायची. मला वाटायचं, थकली असेल. मी तिच्या शेजारी इतकी वर्षं बसलो होतो, आणि बघत मात्र पुस्तकात होतो. मेहुणीला मी हे सांगितलं नाही. ती तोपर्यंत ओरडू लागली होती.

संध्याकाळच्या गाडीने ती शहापूरला परत गेली. तिची वाट बघणारं माणूस घरी आहे, याचा मला हेवा वाटला. अजून वाटतो.

नवा डबा साडूंकडे आहे. आमचा अंगणात आहे, फळी आणि ट्यूबची पट्टी जागेवर आहे. फाटकापासून अंगणातल्या चिंचेपर्यंत मी तो सरळ मागे नेऊ शकतो. चिंचेच्या वळणावर तो अजून कुंपणाकडे जातो.