जेपर्डाइज केल्याबद्दल

साइट ऑफिसात बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साठत जातात, ऐकायला कुणी असो वा नसो. मी आखातात, अल रय्यानमधल्या एका बांधकामावर क्लार्क आहे. कामगारांची वॉर्निंग लेटरं मीच इंग्रजीत टाइप करतो आणि त्यांना समजावूनही मीच सांगतो. प्रत्येक लेटरात एक क्रियापद ठरलेलं: जेपर्डाइज. वीट आलाय मला त्याचा!

*

आमचे बसड्रायव्हर गफूरचाचा रत्नागिरीचे. एकदा म्हणाले, "त्याचा अर्थ तरी काय रे?"

"धोक्यात घालणं. जीव, नोकरी, नाव, काहीही घालता येतं."

"मग सरळ डेंजर लिही की!"

"चाचा, डेंजर सगळ्यांना कळतं. मग लोक सहीआधी प्रश्न विचारतात!"

*

शब्द मेसमध्येही पोचला. डाळ खारट झाली की आरडाओरडा, "आचाऱ्यानं पोट जेपर्डाइज केलं!"

आचाऱ्याला मात्र आजवर एकही लेटर मिळालेलं नाही.

*

शिवाजी बीडचा, परांच्या बांधणारा. पाणी पिताना हेल्मेटचा पट्टा सोडला म्हणून त्याला पहिलं लेटर. पुढे उंचावर एका नेपाळी जोडीदाराचा तोल गेला. शिवाजीनं स्वतःच्या सेफ्टी बेल्टचा हुक न लावता झेप घेऊन त्याला धरलं. जोडीदार वाचला, दुसरं लेटर शिवाजीला!

तिसरं लेटर म्हणजे थेट गावचं तिकीट. त्याची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "तिचं हुईस्तोवर टिकायचंय, भाऊ," एवढंच तो म्हणायचा.

*

आमचा सेफ्टी ऑफिसर हौशी माणूस. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यानं सांगितलं, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय. मूळ अर्थ 'वाटलेला खेळ', म्हणजे दोन्ही बाजूंना हरण्या-जिंकण्याची सारखीच शक्यता.

मागून शिवाजी म्हणाला, "साब, बराबर कैसा? हम हारा तो हम मरेगा. कंपनी हारा तो?"

ऑफिसरनं घड्याळ पाहिलं. "यल्ला, काम पे!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि आता त्याची लाज वाटते.

*

गेल्या आठवड्यात एका परांचीची फळी तडकली, म्हणून तिला लाल टॅग लागला: चढू नका. फोरमन शिवाजीला म्हणाला, "पाच मिनट का काम है, चढ."

शिवाजी हाताची घडी घालून उभा. "दो लेटर हो गया मेरा. लाल टॅग पे नहीं चढेगा." अर्धा दिवस काम अडलं.

दुपारी माझ्याकडे टाइपला आलं: प्रोजेक्टचं शेड्यूल जेपर्डाइज केल्याबद्दल. तिसरं लेटर! मी टाइप केलं. माझाही व्हिसा त्याच कंपनीचा आहे, दुसरं काही कारण नाही.

शिवाजी सहीला आला. "या वेळी तू शेड्यूल धोक्यात घातलंस," मी सांगितलं. माझ्याच्यानं वर बघवेना. त्यानं सही केली, पेन परत दिलं, दारापर्यंत गेला आणि वळला.

"भाऊ, फोरमननं आता हिरवा टॅग लावलाय. फळी तीच हाय. उद्या माझ्या जागी जो चढंल, त्याला सांगताल का?"