सत्तारभाई मॅच बघायला येतात तेव्हा

चार रिकामी माणसं एका शिलाई मशीनभोवती रोज बसली की किस्से आपोआप साठतात. कचेरीत फायली साठायच्या, तसंच हे. फरक एवढाच, की फायली कुणी उघडत नसे आणि किस्से कुणी बंद करू देत नाही!

आमची बसायची जागा म्हणजे आष्टीतलं सत्तारभाईंचं टेलरिंगचं दुकान. सत्तारभाई मशीनवर आणि समोरच्या बाकावर आम्ही तिघं. एक मी, महसूल खात्यातला निवृत्त कारकून. लोक अजून ‘भाऊसाहेब’ म्हणतात, निव्वळ सवयीनं. दुसरे खरात सर, हायस्कूलात गणित शिकवायचे. तिसरे बापूराव, तरुणपणी पैलवान. शेती पोरांच्या हवाली करून दुसऱ्यांच्या पोरांना कुस्तीचे डाव सांगत फिरणं, हा त्यांचा सध्याचा उद्योग.

आमचा वादही कायमचा. कोणता खेळ प्रत्यक्ष मैदानावर जाऊन बघण्यात खरी मजा? टीव्हीवर बघणाऱ्याला आमच्यात मताचा अधिकार नाही. बापूरावांचं मत कुस्तीला, सरांचं क्रिकेटला, माझं कबड्डीला. सत्तारभाईंचं व्हॉलीबॉलला.

आता गंमत बघा. सत्तारभाईंचा मुलगा इम्रान हा आष्टीच्या व्हॉलीबॉल टीमचा शूटर, म्हणजे उडून बॉल हाणणारा. या भागात त्याच्यासारखा हात नाही. आणि सत्तारभाईंनी त्याला मॅच खेळताना एकदाही बघितलेलं नव्हतं!

कारण पायगुण. सत्तारभाई ज्या टीमच्या बाजूनं बसतात ती हरते. हे मी म्हणत नाही, सगळा तालुका म्हणतो. इम्रान टीममध्ये आला त्याच दिवशी कप्तान दुकानात येऊन हात जोडून उभा राहिला.

"चाचा, आमचे ड्रेस तुम्हीच शिवा. पण मॅचला तेवढं येऊ नका!"

"बराबर है," सत्तारभाई म्हणाले, आणि टेप काढून त्याचं माप घेतलं. कप्तानाची पँट त्या वर्षी जरा सैल झाली होती, असं सर सांगतात.

तेव्हापासून सत्तारभाई बाकीचे सगळे खेळ बघतात. आणि बाकीचे भोगतात.

*

वाटूरला टेनिस बॉलची टुर्नामेंट होती. सर आम्हाला आग्रहानं घेऊन गेले. "क्रिकेटची मजा मैदानावरच!" असं वाटेत तीन वेळा बजावलं.

मैदान म्हणजे सोयाबीन निघालेलं रान. आम्ही बांधावर बसलो. सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात तोंड घातलं. मॅच मोबाईलवर लाइव्ह दाखवत होते!

"सर, समोर बघा की! समोरच चालू हाय!" बापूराव म्हणाले.

"समोर रिप्ले नसतो," सर म्हणाले.

मोबाईलवरचं चित्र मात्र मैदानापेक्षा दोन मिनिटं मागं होतं. मैदानात एक बॅट्समन बोल्ड झाला. आम्ही उठलो, ओरडलो, बसलो. सर शांत. नवा बॅट्समन आला, त्यानं गार्ड घेतला, पहिला बॉल सोडून दिला. त्याच क्षणी सरांच्या मोबाईलवर दांडी उडाली.

सर ताडकन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून गरजले, "आउट!"

सरांचा आवाज वर्गातला. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आणि अंपायर नेमका त्यांचाच विद्यार्थी.

त्याचं बोट वर गेलं!

बिचारा बॅट्समन आल्या पावली परत गेला. त्याच्या टीमसाठी सत्तारभाई टाळ्या वाजवत होते, हे वेगळं सांगायला नको.

*

बापूरावांनी एकदा आम्हाला जत्रेतल्या कुस्त्यांना नेलं. तिथली रीत अशी, की जोड ठरलेली नसली तर पैलवान हात वर करून फडाभोवती फिरतो. ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्यानं बसल्या जागेवरून हात वर करायचा. पंच येऊन त्याला धरून आत नेतात. झाली जोड!

ही रीत बापूरावांनी मला सांगितली. पण नंतर सांगितली.

मला भूक लागली होती. फडाच्या पलीकडं एक शेंगदाणेवाला दिसला. हलगीच्या आवाजात हाक ऐकू जाणार नाही म्हणून मी हात वर केला.

दोन पंच धावत आले आणि माझं मनगट धरलं. "आली! जोड आली!"

मला आत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर एक पैलवान उभा. त्याची मान आणि माझी कंबर यांचं माप सत्तारभाईंनी एकच घेतलं असतं. मी आशेनं बापूरावांकडं बघितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊसाहेब, चष्मा माझ्याकडं द्या," ते म्हणाले.

तेवढ्यात त्या पैलवानानं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि हळूच विचारलं, "काका, काही काम होतं का?"

पंच मात्र नियमाला पक्के. "वस्ताद कोण तुमचे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नायब तहसीलदार!"

पंचांनी माझं मनगट सोडलं. दोन पावलं मागंही सरकले.

बाहेर आलो तर सत्तारभाई म्हणाले, "भाऊसाहेब, मी तुमच्या बाजूनं होतो बरं!"

कुस्ती झाली नाही म्हणून वाचलो.

*

बापूरावांना मी कबड्डीला नेलं, ती माझी चूक.

जागा नव्हती म्हणून आम्ही अगदी रेषेला खेटून खाली बसलो. सामना रंगात आलेला. चढाईला आलेला पोरगा चौघांच्या हातून निसटला आणि रेषेच्या कडेकडेनं परत पळायला लागला. पळताना त्याचा एक पाय बापूरावांच्या मांडीजवळ पडला.

जुन्या पैलवानाला समोर पाय दिसला की त्याचा मेंदू काम करत नाही, फक्त हात करतात. बापूरावांनी पट काढला!

पोरगं आडवं. आजोबा घोट्याला लटकलेले. एक टीम म्हणते, "धरला तर धरला!" दुसरी म्हणते, "हे आठवे कोण?" पंच शिट्टी तोंडात ठेवून थिजलेले. शेवटी ते वाकून म्हणाले,

"आजोबा, तुमी कोणत्या टीमचे?"

बापूरावांनी घोटा सोडला नाही. "आधी ह्याचा दम तुटू द्या, मंग टीम सांगतो!"

*

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सकाळपासून धूळ खात बसायचं आणि समोरून जोडी गेली की शेजाऱ्याला विचारायचं, "गेली का?" इतका तो खेळ झटपट.

आम्ही गेलो त्या वर्षी एका जोडीच्या मालकानं सत्तारभाईंना ओळखलं. तो बैल सोडून गर्दीतून वाट काढत आला.

"सत्तारभाई, वर्षभर बैलांना जीव लावला. आमच्या जोडीकडं बघू नका!"

सत्तारभाई खानदानी माणूस. "बिलकुल न्हाई बघणार," म्हणाले आणि मैदानाकडं पाठ करून उभे राहिले. डोळ्यांवर रुमालही धरला.

जोडी सुटली. अर्ध्या वाटेपर्यंत बाणासारखी आली. तिथं मात्र बैलांच्या मनात काय आलं कोण जाणे! वाट सोडून वळले, लोक बाजूला पांगले, आणि जोडी थेट सत्तारभाईंच्या पाठीमागं येऊन थांबली. एका बैलानं त्यांचा नवा शर्ट हुंगला.

सत्तारभाईंनी रुमाल काढला. मागं बैल, बैलामागं मालक.

"मैंने तो देखा भी नहीं!" सत्तारभाई काकुळतीला आले.

"तुमी न्हाई बघितलं," मालक म्हणाला, "पण त्यांनी तुमाला बघितलं ना!"

*

आणि मग इम्रानला पुण्याला एका कंपनीत नोकरी लागली.

सोमवारी निघायचं होतं. आदल्या दिवशी, रविवारी, कुंभार पिंपळगावला फायनल. आष्टी विरुद्ध पिंपळगाव. पुण्याला गेल्यावर कसला व्हॉलीबॉल! म्हणजे इम्रानची ही शेवटची मॅच.

त्या आठवड्यात सत्तारभाईंनी सरांच्या शर्टाला खिसा आतून लावला. बापूरावांच्या बंडीची एक बाही शिवून बंद केली. शनिवारी मशीन थांबवून म्हणाले,

"एक दफा बघायचं हाय त्याला. बस. एक दफा."

मग बापूराव म्हणाले, "न्हाई, सत्तार. पोराचा शेवटचा कप हाय. तुझ्या पायी गेला तर जन्मभर तुलाच खाईल ते."

सत्तारभाईंनी मान हलवली आणि पुन्हा मशीन सुरू केलं. सुईत दोरा नव्हता.

शेवटी खरात सरांतला गणिताचा मास्तर जागा झाला. "सत्तारभाई ज्यांच्या बाजूनं बसतात ते हरतात. बरोबर? मग त्यांना पिंपळगावच्या बाजूनं बसवा! ऋण गुणिले ऋण, धन!"

आम्ही सरांकडं बघतच राहिलो. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं!

"पण दिलातून दुवा इम्रानसाठीच निघंल," सत्तारभाई म्हणाले.

"मंग दिल दुकानात ठेव आन् चल," बापूराव म्हणाले.

रविवारी जीप करून गेलो. सत्तारभाईंना पिंपळगावच्या घोळक्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ते क्षीण आवाजात म्हणाले, "शाब्बास पिंपळगाव!"

शेजारचा माणूस दचकून वळला. "हे आष्टीचे सत्तारभाई ना?"

कीर्ती आमच्या आधी पोचलेली! चार पोरांनी सत्तारभाईंसकट खुर्ची उचलली, मैदान ओलांडलं आणि आष्टीच्या बाजूला नेऊन ठेवली. "तुमचे पाहुणे. तुमीच सांभाळा!"

आष्टीच्या कप्तानानं हात जोडले, आपली चार पोरं बोलावली आणि खुर्ची परत पिंपळगावकडं धाडली. ती पुन्हा आली. पुन्हा गेली. सत्तारभाई एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा धरून बसलेले. पब्लिकनं एवढ्या टाळ्या पुढं मॅचलाही वाजवल्या नाहीत! इम्रान मात्र जाळीपाशी खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता. किती वेळ बांधत होता!

शेवटी पंचांनी शिट्टी फुंकली. "खुर्ची खांबाजवळ! अर्धी हिकडं, अर्धी तिकडं!"

अशा रीतीनं सत्तारभाई बरोबर जाळीच्या टोकाला बसले. त्यांच्याइतकी चांगली जागा साक्षात प्रमुख पाहुण्यांनाही मिळाली नव्हती. चुकून कुणासाठी टाळी वाजू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पहिला सेट आष्टीनं घेतला. दुसरा पिंपळगावनं. तिसरा एकेका पॉइंटनं वर सरकत बरोबरीत आला. मग पिंपळगाव एकानं पुढं गेलं. आता चुकलं की संपलं. इम्रानसाठी बॉल उंच चढला. तो उडाला. त्यानं हाणलेला बॉल जाळीच्या वरच्या पट्टीवर बसला, क्षणभर विचारात पडला, आणि आमच्याच बाजूला पडला.

पिंपळगाव जिंकलं. गुलाल उडाला, ढोल वाजले, लोक मैदानात घुसले. आमचा कप्तान एकटक त्या खुर्चीकडं बघत होता.

परतताना जीपमध्ये इम्रान ड्रायव्हरशेजारी बसून बाहेर बघत होता. मागं आम्ही. सत्तारभाईंना कोणत्या शब्दांत समजवावं हे कुणालाच सुचत नव्हतं. बापूराव दोनदा नुसतेच खाकरले.

बोलत होते ते एकटे सत्तारभाई. आणि थांबतच नव्हते!

"उडताना पोरगं पोट आत घेतंय, भाऊसाहेब. म्हणून ड्रेस कमरेत झोल खातो. मला काय माहीत, मी त्याला उडताना कधी बघितलंच न्हाई! मी आपला उभ्याचं माप घेऊन राह्यलो इतकी वर्षं. आन् हात मागं नेतो तेव्हा डावा खांदा खाली टाकतो, बघितलं का? माझे वालिद, ह्याचे आजोबा, लाकडं फोडायचे तेव्हा तस्साच टाकायचे! बिलकुल तस्साच! काखेत दोन बोटं कापड जादा पाहिजे होतं त्याला. शेवटच्या टायमाला किती वर गेल्ता! जाळीच्या वर छाती आल्ती त्याची. छाती!"

बापूरावांना राहवेना. त्यांनी सत्तारभाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सत्तार, मनाला लावून घेऊ नको. पायगुण-बियगुण काय नसतंय."

सत्तारभाईंनी बापूरावांकडं बघितलं. मग सरांकडं, मग माझ्याकडं. आमचे चेहरे बघून त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

"हां, ते विचारायचंच राह्यलं," ते म्हणाले. "जिंकलं कोण?"