भाऊजींची पुढची तारीख

ताईने वकिलाशी लग्न ठरवलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता या घरात वाद जिंकायची आशा सोडा." पण भाऊजी वाद जिंकणारे वकील नव्हतेच. त्यांची ख्याती तारीख मागण्यात. "साक्षीदार परगावी आहे" हे त्यांचं लाडकं कारण. कोर्टात त्यांना 'तारीखराव'च म्हणत. "भांडणारे थकले की शहाणे होतात," असं ते मला समजावत.

हाच गुण सरकारच्या डोळ्यांत भरला. शेजारच्या देशाशी नदीच्या पाण्यावरून बोलणी चालली होती, तिथे त्यांना कायदेशीर सल्लागार म्हणून नेलं. दोन्हीकडचे लोक तावातावाने उठले की भाऊजी शांतपणे डायरी उघडत, "मग पुढच्या महिन्यात कधी बसू या?" बोलणी कधी तुटलीच नाहीत. बघता बघता भाऊजी राजदूत झाले.

मुलीच्या शाळेपायी ताई इथेच राहिली. ते यायचे दिवस ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिही आणि खोडरबर हाताशी ठेवी. "यांच्या तारखेला पेन वापरणं म्हणजे शाईची नासाडी," म्हणे.

मग ताईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन याच आठवड्यात. ताईने पुढचा महिना मागितला. तो आला, तिने आणखी पंधरा दिवस मागितले.

"बाई, हे कोर्ट नाही," डॉक्टर चिडले. मीही चिडलो, "ताई, भाऊजींना खरं कळव!"

"करारावर सह्या व्हायच्यात रे. आत्ता कळवलं तर सगळं टाकून येतील. वीस तारखेला नक्की येताहेत." त्या खेपेला तिने पेनने लिहिलं होतं.

सोळा तारखेला दुपारी ताई गेली. विमानं बंद होती, वादळ होतं. भाऊजी पोचले ते वीसलाच. आयुष्यात पहिल्यांदा दिलेली तारीख पाळली.

ते कॅलेंडरसमोर उभे राहिले.

"डॉक्टरांनी घाई करायला सांगितली नव्हती?"

"सांगितली होती. तिनेच मुदत मागून घेतली. दोनदा."

"कारण काय दिलं?" सवयीने विचारून गेले.

 

"हसत म्हणाली, साक्षीदार परगावी आहे."

भाऊजी खाली बसले, बुटांसकट, तिथेच ओट्याला टेकून.